गाडी, तिचा भरवसा आणि तिचे मालक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एकच गाडी वर्षानुवर्षं सांभाळणाऱ्यांना आणि त्याच मॉडेलच्या इतर मालकांशी बोलत राहणाऱ्यांना ठरावीक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात. ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं माझी आहेत. एका गाडीमागे बरीच वर्षं हात तेलकट करून आणि तिच्या इतर मालकांच्या ढीगभर नोंदी वाचून जे पटलं, तेवढंच लिहिलं आहे.

भरवशाची गाडी म्हणजे कधीच न बिघडणारी गाडी का?

अशी गाडी अजून बनलेली नाही. गाडीत हजारो सुटे भाग असतात आणि त्यातले कितीतरी झिजण्यासाठीच केलेले असतात. ब्रेक पॅड, क्लचप्लेट, वायपरचं रबर, सस्पेन्शनचे बुश हे आज ना उद्या जाणारच. ते गेले म्हणून गाडीला नावं ठेवू नयेत.

बिघडण्याआधी जी सांगते, तिला मी भरवशाची गाडी म्हणतो. व्हील बेअरिंग जाण्याआधी कित्येक दिवस घोंघावतं. वॉटर पंप गळायला लागला की कूलंटची पातळी हळूहळू उतरते. कूलंटच्या टाकीवर पेनाने एक बारीक रेघ मारून शेजारी तारीख लिहिली, तर महिन्याभरात किती उतरलं ते नुसतं बघून कळतं. टायमिंग बेल्ट, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची हालचाल जुळवून ठेवणारा इंजिनातला पट्टा, मात्र बहुधा काही न सांगता तुटतो आणि ज्या इंजिनात पिस्टन व व्हॉल्व्ह एकमेकांच्या वाटेत येऊ शकतात, तिथे एका क्षणात व्हॉल्व्ह वाकतात. म्हणून बेल्ट बदलताना किलोमीटर आणि वर्षं, यांतलं जे आधी भरेल ते धरायचं. गाडी फारशी चाललेली नाही म्हणून बेल्ट नवा राहत नाही. उभ्या गाडीतही रबर म्हातारं होतं.

एकच कंपनी एका यादीत वर आणि दुसऱ्या यादीत खाली कशी?

कारण प्रत्येक यादी वेगळीच गोष्ट मोजते. हे समजून घेतलं नाही तर वाद कधी संपत नाहीत.

जे.डी. पॉवर ही अमेरिकी संस्था दर १०० गाड्यांमागे किती तक्रारी आल्या ते मोजते. तिचा एक अभ्यास नवी गाडी घेतल्यानंतरच्या पहिल्या ९० दिवसांचा असतो आणि दुसरा तीन वर्षं जुन्या गाड्यांचा. यात फोन नीट जोडला जात नाही ही तक्रारही मोजली जाते आणि गिअरबॉक्स गेला तीही. 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' हे १९३६ पासून चालत आलेलं मासिक आपल्या सभासदांकडून माहिती गोळा करतं. जर्मनीतल्या ट्यूव्ह या तपासणी संस्थांचा अहवाल ठरावीक काळाने होणाऱ्या सक्तीच्या तपासणीतून येतो, म्हणून त्यात दिवे, ब्रेक, सस्पेन्शन, गंज, ऑइलची गळती हे जास्त दिसतं. गाडी आधीच्या आठवड्यात दुरुस्त करून आणली असेल, तर ती तिथे छान पास होते. जर्मनीतलाच एडीएसी हा वाहनचालकांचा क्लब रस्त्यात बंद पडलेल्या गाड्या मोजतो. त्याच्या आकड्यांत वर्षानुवर्षं सर्वात मोठं कारण एकच दिसतं, १२ व्होल्टची साधी बॅटरी.

तेव्हा 'पहिल्या क्रमांकाची' म्हणून कोणी सांगितलं की आधी विचारायचं: कशात पहिली? तक्रारींत, तपासणीत की रस्त्यात न अडण्यात?

माझी गाडी पाच वर्षं काही त्रास न देता चालली. मग मॉडेल उत्तमच म्हणायचं ना?

तुमची गाडी उत्तम निघाली, हे नक्की. मॉडेलबद्दल एका गाडीवरून काही सांगता येत नाही, तसं एका बंद पडलेल्या गाडीवरूनही सांगता येत नाही. समजा एखाद्या मॉडेलमध्ये दर २० गाड्यांमागे एकीचा गिअरबॉक्स लवकर जातो. हा दोष गंभीर आहे. तरी २० पैकी १९ मालक मनापासून सांगतील की आमच्याकडे असं काही झालं नाही, आणि ते खरंच बोलत असतील. विसावा मालक सगळीकडे लिहीत सुटेल आणि तोही खराच असेल.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. तीस वर्षांपूर्वीच्या ज्या गाड्या आज रस्त्यावर दिसतात त्या टिकलेल्या आहेत. न टिकलेल्या केव्हाच भंगारात गेल्या. 'जुन्या गाड्यांसारखं आता काही बनत नाही' असं म्हणताना त्या गेलेल्या गाड्या आपल्या डोळ्यांसमोर नसतात.

आपलीच गाडी इतरांपेक्षा चांगली का वाटते?

याचं उत्तर मानसशास्त्राने बरंच आधी दिलं आहे. मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी १९५७ मध्ये मांडलं की मनात दोन न जुळणाऱ्या गोष्टी एकत्र असल्या की माणूस अस्वस्थ होतो आणि ती अस्वस्थता कमी करायला धडपडतो. त्याच वर्षी अमेरिकेत नवी गाडी घेतलेल्यांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. गाडी घेऊन झाल्यावरही हे लोक आपण घेतलेल्या मॉडेलच्या जाहिराती जास्त वाचत होते, आणि विचारात घेऊन सोडून दिलेल्या गाड्यांच्या कमी. निर्णय झाला होता, पैसे दिले होते. तरी मनाला 'बरोबर केलंस' हे कोणाकडून तरी ऐकायचं होतं.

मालकांच्या गटात नवा माणूस आला की पहिल्या महिन्यात त्याला नेमकं हेच हवं असतं. त्याचं कौतुक जरूर करावं. पण तो जेव्हा विचारतो, 'इंजिनमधून थोडा टकटक आवाज येतो, नॉर्मल आहे ना?', तेव्हा त्याला बरं वाटावं म्हणून 'नॉर्मल आहे' म्हणू नये. या एका शब्दाने गटातल्या माणसांचं जितकं नुकसान केलं आहे तितकं कुठल्याही वाईट मेकॅनिकने केलेलं मी पाहिलेलं नाही.

मग कंपनीशी निष्ठा ठेवण्यात अर्थ आहे का?

गाडीवर जीव लावण्यात आहे. कंपनीवर डोळे झाकून विश्वास टाकण्यात नाही. बोनेटवरचं चिन्ह तेच राहतं, पण त्याखालचं इंजिन बदलतं, गिअरबॉक्स पुरवणारा बदलतो, कारखाना बदलतो. एकाच कंपनीचं एक इंजिन पाच लाख किलोमीटर सहज जातं आणि पुढच्या पिढीचं इंजिन ऑइल पिण्यासाठी बदनाम होतं. म्हणून अनुभवी मालक कंपनीचं नाव घेत नाहीत. ते इंजिनाचा कोड, गिअरबॉक्सचा प्रकार आणि उत्पादनाचं वर्ष सांगतात. 'त्या वर्षाआधीची घेऊ नका, नंतर चेन टेन्शनर बदललाय', अशा एका वाक्यात दहा जाहिरातींपेक्षा जास्त माहिती असते.

निष्ठा कमावता मात्र येते. माझदा एमएक्स-५ ही छोटी दोन आसनी गाडी १९८९ मध्ये आली आणि २०१६ मध्ये १० लाखावी गाडी तयार झाली. पुढच्याच वर्षी कंपनीने पहिल्या पिढीच्या गाड्या नव्यासारख्या करून देण्याची योजना जपानमध्ये जाहीर केली आणि त्यासाठी जुने भाग पुन्हा बनवायला घेतले. जी कंपनी अठ्ठावीस वर्षांपूर्वी विकलेल्या गाडीचा भाग पुन्हा बनवते, तिच्या दारात माणूस पुन्हा जातो.

मालकांच्या गटाचा खरा उपयोग काय?

माझ्या गाडीचंच सांगतो. साधारण ९० हजार किलोमीटर झाले होते. उन्हात पाऊण तास चालवून गाडी बंद केली की पुन्हा चालू व्हायची नाही. सेल्फ फिरायचा, इंजिन पकडायचं नाही. वीस मिनिटं थांबलं की काही झालंच नाही अशी चालू. गॅरेजमध्ये नेईपर्यंत ती थंड झालेली असायची आणि तिथे पहिल्याच सेल्फला उठायची. आधी बॅटरी बदलली, मग फ्युएल पंप बदलला. त्रास तसाच.

शेवटी त्याच मॉडेलच्या एका अनोळखी मालकाची जुनी नोंद सापडली. चारच ओळी होत्या. किती किलोमीटर झाले, गरम असताना अडते, थंड झाल्यावर चालू होते, आणि शेवटची ओळ: 'सेल्फ मारताना टॅकोमीटरचा काटा बघा.' टॅकोमीटर म्हणजे इंजिन मिनिटाला किती फेरे घेतंय ते दाखवणारी तबकडी. पुढच्या वेळी गाडी अडली तेव्हा मी बघितलं. सेल्फ फिरत होता आणि काटा शून्यावर पडून होता. एरवी सेल्फ मारताना तो किंचित थरथरून वर उठायचा. म्हणजे इंजिन फिरतंय हे गाडीच्या कॉम्प्युटरला कळतच नव्हतं. क्रँकशाफ्ट पोझिशन सेन्सर तापला की त्याचा सिग्नल तुटत होता, आणि तो सिग्नल नसेल तर ठिणगी कधी द्यायची, इंधन कधी सोडायचं, काहीच ठरत नाही. एका बोल्टवर बसलेला, अंगठ्याएवढा भाग. बदलायला अर्धा तास लागला.

माझ्या मेकॅनिकचं चुकलं असं मी म्हणणार नाही. ही गाडी अशी अडलेली त्याच्यासमोर कधी आलीच नव्हती. आम्हा मालकांमध्ये कोणासमोर तरी ती तशी आली होती, आणि त्या माणसाने बघितलेलं लिहून ठेवलं होतं. गटाचा खरा उपयोग हा आहे.

प्रश्न कसा विचारला की उत्तर मिळतं?

'गाडीतून आवाज येतो, काय असेल?' याला कोणीही उत्तर देऊ शकत नाही. मॉडेल, वर्ष, इंजिन, किलोमीटर लिहा. त्रास कधी होतो ते लिहा: गाडी थंड असताना की तापल्यावर, वळताना की ब्रेक मारताना, कोणत्या गिअरमध्ये, किती वेगाला. आधी काय काय बदललं आहे तेही लिहा, नाहीतर लोक तेच पुन्हा सुचवतील. आवाज असेल तर फोनवर रेकॉर्ड करून द्या.

आणि दोष सापडला की परत येऊन सांगा. हे फार थोडे लोक करतात. 'झालं ठीक, धन्यवाद' एवढं लिहून माणूस निघून जातो आणि दोन वर्षांनी तोच त्रास घेऊन आलेल्याला तिथे काहीच सापडत नाही. नेमकं काय बदललं आणि त्यानंतर गाडी किती किलोमीटर बिनत्रास चालली, या दोन ओळी लिहिल्याशिवाय तुमचा प्रश्न पुरा झाला असं मी धरत नाही.

गटात प्रत्येक जण वेगळं सांगतो. कोणाचं ऐकायचं?

ज्याच्याकडे आकडे आहेत त्याचं. 'मी नेहमी हेच ऑइल वापरतो, एक नंबर आहे' हे मत आहे. 'दर १० हजार किलोमीटरला ऑइल बदलतो, मधे अर्धा लिटर टॉपअप लागतं, गाडी १ लाख ६० हजार झाली आहे' हा अनुभव आहे. जो 'मला माहीत नाही' असंही कधीकधी म्हणतो, त्याच्या बाकीच्या सल्ल्यालाही मी जास्त वजन देतो. आणि मालकाच्या पुस्तिकेत लिहिलेल्या गोष्टीविरुद्ध कोणी सांगत असेल तर कारण विचारा. कारण देता आलं तर ऐकण्यासारखं असू शकतं.

पुस्तिकेच्या विरुद्ध जाण्याचं असं कारण खरंच असतं का?

एक सांगतो. बऱ्याच ऑटोमॅटिक गाड्यांच्या पुस्तिकेत गिअर ऑइल 'आयुष्यभरासाठी' आहे असं म्हटलेलं असतं. पण ज्या झेडएफ कंपनीचे गिअरबॉक्स कितीतरी गाड्यांमध्ये बसतात, ती स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान ऑइल बदलायला सांगते. गाडी बनवणारा वॉरंटीचा काळ बघतो, गिअरबॉक्स बनवणारा गिअरबॉक्सचं आयुष्य बघतो. गाडी दहा-बारा वर्षं ठेवायची असेल तर मी गिअरबॉक्स बनवणाऱ्याचं ऐकेन.

गाडी कमी चालते. तरी ब्रेक ऑइल बदलायचं?

हो. ते हवेतला ओलावा शोषून घेतं. नवं 'डॉट ४' या प्रतीचं ब्रेक ऑइल किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही. त्यात साधारण पावणेचार टक्के पाणी गेलं की हीच मर्यादा १५५ अंशांवर येऊ शकते. लांब उतारावर ब्रेक तापले, ऑइल उकळून वाफ झाली, की पेडल थेट तळाला जातं. कंपन्या साधारण दोन वर्षांनी बदलायला सांगतात. किलोमीटर बघत बसू नका.

चेक इंजिनचा दिवा लागला. स्कॅनर लावून कोड पुसला तर चालेल?

आधी कोड, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला दोषाचा क्रमांक, लिहून घ्या. अमेरिकेत १९९६ पासून सर्व नव्या मोटारींना एकसारखी निदान व्यवस्था सक्तीची झाली. पुढे जगभर तशीच व्यवस्था आली, म्हणून आज लहानसा स्कॅनर जवळपास कुठल्याही गाडीला चालतो. पण कोड म्हणजे निदान नाही. पी०३०० हा कोड एवढंच सांगतो की वेगवेगळ्या सिलिंडरमध्ये मिसफायर होतोय, म्हणजे इंधन नीट जळत नाहीये. कारण स्पार्क प्लग असेल, कॉइल असेल, कुठून हवा शिरत असेल, इंधनाचा दाब कमी असेल. कोड वाचून सरळ भाग बदलत सुटलं की खिसा रिकामा होतो आणि दिवा पुन्हा लागतो. पुसून टाकलात तर दोषाच्या क्षणी इंजिनाचं तापमान, वेग, लोड काय होता ती साठवलेली माहितीही जाते. दिवा लुकलुकत असेल तर मात्र वेग कमी करा आणि गाडी लवकर थांबवा. मिसफायर इतका जोरात आहे की न जळलेलं इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धूर साफ करणारा भाग, जाळू शकतं.

रिकॉल आला म्हणजे गाडी वाईट का?

नाही. रिकॉल म्हणजे दोष मान्य केला आणि फुकट दुरुस्त करून मिळणार. न आलेल्या रिकॉलची मला जास्त काळजी वाटते. टकाटा या जपानी कंपनीच्या एअरबॅगचं प्रकरण आठवा. एअरबॅग फुगवणाऱ्या यंत्रातलं, म्हणजे इन्फ्लेटरमधलं अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षं उष्णता आणि दमट हवा खाऊन खराब होत होतं, आणि एअरबॅग उघडताना धातूचे तुकडे गाडीत उडत होते. माणसं मेली. एकट्या अमेरिकेत सुमारे ६ कोटी ७० लाख इन्फ्लेटर परत मागवावे लागले आणि २०१७ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. एअरबॅग एका पुरवठादाराची होती, म्हणून अनेक कंपन्यांच्या गाड्या त्यात सापडल्या.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी तर हे नक्की करावं: गाडीचा १७ अक्षरांचा व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, टाकून रिकॉल बाकी आहे का ते तपासावं. गाडीचे मालक बदलत जातात तसं पत्र जुन्याच पत्त्यावर जात राहतं. नंबर लिहिताना एक लक्षात ठेवा, त्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं नसतातच. जे 'ओ'सारखं दिसतं ते शून्य.

नवं मॉडेल आल्या आल्या घ्यावं का?

मी थांबेन, वर्ष-दीड वर्ष. सुरुवातीचे दोष पहिल्या मालकांच्या गाडीत निघतात आणि कारखान्यात ते शांतपणे दुरुस्त होत जातात. मॉडेलच्या शेवटच्या वर्षांतली गाडी दिसायला जुनी वाटते, पण तिच्यातले बहुतेक दोष निघून गेलेले असतात.

लाखो किलोमीटर चाललेल्या गाड्यांच्या गोष्टी खऱ्या असतात का?

काही पुराव्यानिशी खऱ्या आहेत. न्यूयॉर्क राज्यातले शिक्षक अर्व्ह गॉर्डन यांनी १९६६ मध्ये व्होल्वो पी१८०० घेतली आणि २०१३ मध्ये तिच्यावर ३० लाख मैल, म्हणजे सुमारे ४८ लाख किलोमीटर पूर्ण केले. ग्रीसमधले टॅक्सीचालक ग्रेगोरिओस साचिनिदिस यांची १९७६ची मर्सिडीज २४० डी ४६ लाख किलोमीटर चालली. ती आता कंपनीच्या संग्रहालयात आहे.

या गोष्टी सांगताना अर्धीच बाजू सांगितली जाते. साचिनिदिस यांच्या टॅक्सीचं इंजिन वेळोवेळी उतरवून बदललेलं होतं. शिवाय लांब पल्ल्याला इंजिन योग्य तापमानावर स्थिर असतं. रोज दोन-दोन किलोमीटर जाऊन बंद होणाऱ्या गाडीत ऑइल नीट तापतच नाही, त्यात पाणी आणि इंधन साचत राहतं. म्हणून वर्षाला ४० हजार चाललेली गाडी वर्षाला ३ हजार चाललेल्या गाडीपेक्षा आतून स्वच्छ निघाली, तर नवल वाटू देऊ नका.

कंपनीच बंद पडली तर?

गाडी लगेच मरत नाही. साब ही स्वीडनची मोटार कंपनी २०११ च्या डिसेंबरमध्ये दिवाळखोरीत गेली, पण तिच्या गाड्या अजून चालतात. सुटे भाग पुरवणारी वेगळी कंपनी टिकली, आणि मालकांनी कोणता भाग दुसऱ्या कुठल्या गाडीचा चालतो ते शोधून काढून एकमेकांना सांगितलं. इंजिनाचे भाग बहुधा मिळत राहतात. अडतं ते काच, दिवे, दरवाजाचं रबर, आतलं प्लॅस्टिक आणि त्या गाडीपुरते बनवलेले इलेक्ट्रॉनिक बॉक्स यांच्यापाशी. अशी गाडी आवडीने ठेवणार असाल तर भंगारात निघालेल्या गाडीचे दिवे आणि काचा आजच घेऊन ठेवा.

इलेक्ट्रिक गाडीला हे सगळं लागू होतं का?

बरंचसं. ऑइल, बेल्ट, क्लच गेले. टायर, सस्पेन्शन, ब्रेक ऑइल, कूलंट राहिले. आणि ती १२ व्होल्टची बॅटरीही राहिली. ती बसली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी उठत नाही. मोठ्या बॅटरीवर बऱ्याच कंपन्या ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर आणि ७० टक्के क्षमतेची हमी देतात. तेव्हा दर सहा महिन्यांनी पूर्ण चार्जवर दाखवलेला पल्ला, त्या वेळचं तापमान आणि किलोमीटर लिहून ठेवा. हमी मागायची वेळ आली तर हाताशी काहीतरी असेल.

नोंदवहीत काय लिहायचं?

तारीख, किलोमीटर, काय केलं, भाग कुणाचा बसवला, त्याचा नंबर. एवढं पुरे. माझ्या वहीतली एक ओळ: '१,१२,४०० किमी. पुढचे दोन्ही लिंक रॉड बदलले. खडखड गेली. डावीकडचं बूट फाटलेलं होतं.' शेवटचं वाक्य महत्त्वाचं. बूट, म्हणजे सांध्यावरचं रबरी आवरण, फाटून माती आत गेली म्हणून रॉड लवकर गेला, हे दोन वर्षांनी आठवत नाही. वही सांगते.

गाडी विकताना तिचे दोष सांगावेत का?

सगळे सांगावेत, वहीसकट. घेणारा उद्या त्याच मॉडेलच्या मालकांमध्ये येणार आहे आणि तुमच्याच गाडीबद्दल प्रश्न विचारणार आहे. मी पहिली गाडी दिली तेव्हा वही डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवली आणि पहिल्या पानावर लिहिलं: तापल्यावर अडली तर टॅकोमीटरचा काटा बघा, सेन्सर ९० हजारांना बदलला आहे. तीन वर्षांनी नव्या मालकाने वहीच्या शेवटच्या पानाचा फोटो पाठवला. माझ्या अक्षराखाली त्याचं अक्षर सुरू झालं होतं. गाडी २ लाख ४ हजारांवर होती आणि क्लचप्लेट नुकतीच बदलली होती.